शिक्का नसलेली बैठक

आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांना मी त्यांच्या देखत श्रद्धांजली वाहिलेली आहे. माईकवरून, झेंड्याखाली, अख्ख्या शाळेसमोर. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं, म्हणून आधी ते वाक्य सांगून मोकळा होतो.

मी एरंडोल रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत मराठी शिकवतो आणि राहतो जळगावात. शिकवणं हा माझा व्यवसाय, निवेदन हा माझा धर्म. लग्न, साखरपुडा, सत्कार, निरोप समारंभ, गणपती मंडळाचं बक्षीस वितरण, शोकसभा, यातलं काहीही असो, पंचक्रोशीत माईक माझ्याच हातात येतो. आवाज देवानं दिला. दारू मात्र मी स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवली. आधी कार्यक्रम संपल्यावर घ्यायचो, मग कार्यक्रमाआधी घ्यायला लागलो, आणि शेवटी कार्यक्रम असो नसो, घेणं चालूच राहिलं.

पंधरा ऑगस्टला दारूची दुकानं बंद असतात. त्यामुळे पिणारा माणूस चौदा तारखेला जेवढा दूरदृष्टीचा असतो, तेवढा वर्षभरात कधी नसतो. मी दोन दिवसांची बेगमी करून ठेवली होती आणि सकाळी सहा वाजताच तिच्यातला बराचसा भाग मार्गी लावला होता. साडेसातला ध्वजारोहण झालं. माईक हातात आला की माझी जीभ अडखळत नाही, तिथेच माझा घात झाला. अडखळली असती, तर कुणीतरी हाताला धरून खाली नेलं असतं. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आपल्या संस्थेचे आधारस्तंभ, दिवंगत अध्यक्ष आबा यांना श्रद्धांजली म्हणून आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे." आदल्या आठवड्यात मी तीन शोकसभा केल्या होत्या. तोंडाला तेच वळण पडलं होतं.

मुलं उभी राहिली. शिक्षक उभे राहिले. सरपंच उभे राहिले. आणि पहिल्या रांगेत मधोमध बसलेले आबा, पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी, तेही उभे राहिले. श्रद्धांजली म्हटलं की उठायचं हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलेलं आहे, की ती कुणाला हे माणूस नंतर विचारतो. साधारण दीड मिनिटानं आबांच्या ध्यानात आलं असावं, कारण टोपी हलली. पण स्तब्धता मोडायची नसते. त्यांनी मोडली नाही. उरलेलं अर्धं मिनिटही ते स्वतःच्या दुखवट्यात मान खाली घालून उभे राहिले. मी "धन्यवाद" म्हणालो आणि सगळे बसले.

दुसऱ्या दिवशी मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीत आबा होते आणि मुख्याध्यापक कपाटाला टेकून उभे होते.

"मास्तर," आबा म्हणाले, "मी कव्हय मरनू? माले कोनी सांगं बी नही."

आबांची एक पद्धत आहे. राग आला की ते अहिराणीत बोलतात आणि निकाल द्यायचा असला की पुस्तकी मराठीत. मी जमिनीकडे बघत उभा होतो. मग त्यांनी भाषा बदलली, तेव्हा मी ओळखलं, निकाल आला.

"तुम्हाला तीन महिन्यांची मुदत देतो. दारू सोडलेल्या माणसांच्या बैठका भरतात म्हणे. मला एका लग्नात कळलं. दर आठवड्याला तिथं जायचं. तीन महिन्यांनी त्या बैठकीचं सही-शिक्क्याचं पत्र इथं, या टेबलावर. पत्र नसेल तर निलंबन."

"आबा, मी शब्द देतो ना..."

"तुमचा शब्द मी दोन मिनिटं उभं राहून ऐकलाय."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा हुशार. लेखी मागतात. मी वीस वर्षं तोंडी घेत बसले."

तर शोध सुरू झाला. मोबाइलवर "दारू, बैठक, जवळपास" असं टाकलं, तर मोबाइलनं माझ्या घराजवळची सगळी परमिट रूमं अंतरासकट दाखवली. त्यातली दोन मला नवीन होती. म्हणून मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी रक्त तपासलं, मग मला तपासलं, एकदम सोडाल तर हात थरथरतील म्हणून आठवड्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्याच चिठ्ठीच्या मागे पत्ता लिहिला. दोन ओळी होत्या. वरची वाचता आली: मेहरूण तलाव, रविवार, सकाळी सात. खालची ओळ फक्त औषध दुकानदारालाच वाचता आली असती. मला वाटलं, वरचं पुरेसं आहे.

रविवारी सातला तलावाच्या काठी पोचलो, तर खरोखरच पंचवीस-तीस माणसं गोल करून उभी. बहुतेक साठीच्या पुढची, पायात पांढरे बूट. सगळे हात वर करून जोरजोरात हसत होते. मी स्तब्ध झालो. दारू सोडली की माणूस इतका आनंदी होतो? वाटलं, उगाच एवढी वर्षं घालवली.

एक बाई म्हणाल्या, "या, या. नवीन का? मध्ये या."

मी मध्ये गेलो. गोलाच्या मध्यभागी, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. असा रंगमंच मिळाल्यावर मी कशाला थांबतो! मी नाव सांगितलं, शाळा सांगितली, आणि मग आवाज किंचित खाली आणून म्हणालो, "मी गेली अनेक वर्षं रोज दारू पितो. आज तुमच्या आश्रयाला आलो आहे."

मग त्या बाई म्हणाल्या, "हो हो!" आणि सगळ्यांनी हात वर करून म्हटलं, "हा हा हा!" आणि मनसोक्त हसले. त्यांचा तो नियमच होता. कुणी काही बोललं की हसायचं. तो हास्य क्लब होता. मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ पुढे आले. "अहो, तुम्ही ते निवेदक ना? आमच्या मुलीच्या लग्नात होतात! काय बोललात हो त्या दिवशी! आणि आता हे!" आणि पुन्हा हसले. आता ते नियमाचं होतं की मनापासूनचं, मला सांगता येणार नाही.

डॉक्टरांच्या दुसऱ्या ओळीत "शाळेमागची खोली" असं लिहिलं होतं, हे नंतर कळलं. तिथून पन्नास पावलांवर. मी ती पन्नास पावलं टाकली नाहीत, कारण संध्याकाळपर्यंत दूधवाल्यानंही बायकोला विचारलं होतं, "साहेबांनी तलावावर भाषण केलं म्हणे?"

जळगाव आता मला बंद झालं. मी डॉक्टरांकडे परत गेलो. ते आधी पाच मिनिटं टेबलावर डोकं ठेवून हसले आणि मग म्हणाले, "धुळ्याला जा. तिथे तुम्हाला कुत्रं ओळखत नाही." या वेळी त्यांनी कंपाउंडरकडून पत्ता लिहवून घेतला. धुळे, बुद्धविहाराच्या मागची अभ्यासिका, रविवार, दुपारी चार.

जळगावहून धुळ्याला एस.टी. एरंडोल, पारोळा करत जाते. एरंडोल स्टँडवर मी उतरलो. कारण अगदी साधं होतं. दारू सोडायच्या बैठकीला कोरड्या घशानं जायची हिंमत नव्हती. पद्मालयाच्या गणपतीला लांबूनच हात जोडले, स्टँडमागच्या दुकानातून एक क्वार्टर घेतली, बडीशेप चावली आणि पुढची बस पकडली.

अभ्यासिकेत लांब टेबलं, भिंतीला पुस्तकांची कपाटं, कोपऱ्यात चहाचा थर्मास. दहा-बारा माणसं होती. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक नाना दारात उभे होते. त्यांनी "जय भीम" केला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. पहिल्यांदा आलेल्याला खिडकीजवळची खुर्ची, पहिला चहा आणि सगळ्यांची टाळी, अशी तिथली रीत. मला टाळी पडली. काहीही न बोलता पडलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली टाळी.

मग नानांनी नियम सांगितले. नुसतं पाळण्यातलं नाव सांगायचं. आडनाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. इथं जे पाहिलं, जे ऐकलं, ते इथंच ठेवून जायचं.

हा नियम ज्यानं केला त्यानं खानदेश पाहिला नसावा. आमच्याकडे गाव विचारल्याशिवाय माणसाला पाणीसुद्धा देत नाहीत. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की मामाचं गाव, आणि तिसऱ्या मिनिटाला तुम्ही त्यांच्या कुणाचे तरी साडू निघता. त्यामुळे त्या खोलीत सगळेजण नियम पाळत होते आणि सगळ्यांच्या पोटात दुखत होतं. शेजारच्यानं मला विचारलं, "बसला गर्दी होती का?" मी हो म्हणालो. "म्हणजे पारोळ्याकडून आलात." दुसऱ्यानं विचारलं, "तुमच्याकडे कापूस कसा आहे यंदा?" नानांनी टेबलावर टिचकी मारली. "कापूस नाही!" ते म्हणाले. म्हणजे हा चोररस्ताही त्यांना माहीत होता.

माझी पाळी आली. आता खरं सांगतो, मी रंगात आलो. पंधरा ऑगस्ट सांगितला. आबांची टोपी कशी हलली ते उभं राहून करून दाखवलं. मेहरूणचा तलाव सांगितला. खोली हसून लोळत होती. बांधकामावर मजुरी करणाऱ्या एक अक्का होत्या, त्या पदरात तोंड घालून हसत होत्या. वीस मिनिटांनी मी थांबलो, श्वास घेतला आणि टाळीची वाट पाहू लागलो.

नाना म्हणाले, "भाऊ, मजा आली. आज घेतली का?"

मी म्हणालो, "आज... म्हणजे, तसं..."

"एरंडोलला?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीही दीड वर्ष एरंडोललाच उतरायचो," नाना म्हणाले. "पुढल्या रविवारी सरळ बसून या. तिथं खिडकीबाहेर बघू नका."

कुणी हसलं नाही. कुणी मान हलवून हळहळही केली नाही. चहाचा दुसरा कप आला एवढंच.

पुढच्या रविवारी मी एरंडोल स्टँडवर डोळे मिटून बसलो. कंडक्टरला वाटलं मला बस लागते. त्यानं पिशवी आणून दिली. पहिले दोन आठवडे हात थरथरायचे, फळ्यावर खडू मोडायचे, वर्गातली पोरं मला धीर द्यायची. मग ते थांबलं. मी रोज शाळेत जात होतो, रोज घरी येत होतो, आणि दर रविवारी धुळ्याला जाऊन दोन तास खुर्चीवर बसत होतो. गोष्टी सांगणं कमी केलं. नाना दर वेळी शेवटी तोच प्रश्न विचारायचे, आणि गोष्ट कितीही रंगवली तरी उत्तर एका शब्दाचंच असायचं.

त्या बैठकीत मी सर्वांत जास्त ऐकलं ते अक्कांचं. सातपुड्याच्या पायथ्याला मोह वेचता वेचता त्यांना प्यायची सवय लागली होती. त्या बोलायच्या सपाट आवाजात, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगताहेत. आणि दाराजवळ एक चष्मेवाले काका बसायचे, फार बोलायचे नाहीत. ते कुठले, कोण, हे मला कधीच कळलं नाही. खरं सांगायचं तर दहा आठवडे मी ते शोधून काढायचा प्रयत्न करत होतो.

अडीच महिने झाले आणि मी नानांना बाजूला घेतलं.

"नाना, एक पत्र हवं होतं. सही-शिक्क्याचं. मी इथं नियमित येतो, असं."

"पत्र नाही आपल्याकडे."

"मग नुसता शिक्का?"

"शिक्का कशाचा? इथं अध्यक्ष नाही, सचिव नाही, हजेरी नाही. आज मी चहा करतो, पुढच्या महिन्यात अक्का करतील. कोण आलं, कोण नाही, कुठंच लिहीत नाही. लिहायला लागलो तर तुम्ही आला असता का?"

मी म्हणालो, नसतो आलो. पण नोकरी जाईल. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "अवघड आहे." पण पत्र काही देईनात.

तेव्हा मी जे केलं ते आमच्याकडचा कुणीही शहाणा माणूस करील. जळगावात कोर्टाबाहेर रबरी शिक्के करणारे बसतात. त्यांच्यातल्या एकाला मी गोल शिक्का करायला सांगितला. मध्ये उगवता सूर्य, वर अर्धगोलात "व्यसनमुक्ती बैठक", खाली "धुळे". त्यानं विचारलं, "खाली सचिव टाकू की अध्यक्ष?" मी म्हणालो, "दोन्ही करून द्या, वेगवेगळे." इतका देखणा शिक्का खानदेशातल्या कुठल्याही संस्थेकडे नसेल. रविवारी मी तो नानांच्या समोर ठेवला. म्हटलं, बैठकीला माझ्याकडून भेट, आता फक्त एक सही करा.

नानांनी तो उचलला, शाईवर दाबला आणि स्वतःच्या तळहातावर उमटवला. बराच वेळ बघत राहिले. "सूर्य छान आलाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "भाऊ, दारूसाठी घरात किती वेळा खोटं बोललात?"

"मोजलं नाही."

"आणि आता दारू सोडायला पण खोटंच?"

दोन्ही शिक्के त्यांनी टेबलाच्या खणात टाकले. माझी मुदत संपायला पंधरा दिवस राहिले होते.

मी सोमवारी आबांकडे गेलो आणि सगळं खरं सांगितलं. पत्र मिळणार नाही. शिक्का नाही, रजिस्टर नाही, अध्यक्ष नाही.

आबा ऐकत होते. शिक्का नाही इथपर्यंत ते शांत होते. अध्यक्ष नाही म्हटल्यावर खुर्चीत सरळ झाले.

"अध्यक्ष नाही? मग चालतं कसं?"

"आळीपाळीनं, आबा."

"आळीपाळीनं!" जणू मी काही अश्लील बोललो होतो. "मास्तर, तुम्ही मला आधी मारलं, आता बनवताय."

"महिन्याच्या दुसऱ्या रविवारची बैठक सगळ्यांना खुली असते," मी म्हणालो. "कुणीही येऊन बसू शकतं. तुम्ही या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

आबांनी पंचांग बघितलं आणि ते हो म्हणाले. धुळ्याला त्यांचं तसंही काहीतरी काम होतं. गाडी ते स्वतः चालवतात, मालकाच्या डौलात, रस्त्याच्या मधोमध. पारोळ्यापर्यंत समोरून येणारे ट्रक आबांना वाट देत होते आणि मी देवाचं नाव घेत होतो. जाताना ते एवढंच म्हणाले, "खोटं निघालं तर तिथूनच बसनं परत यायचं."

आम्ही पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. नाना एका लग्नाला गेले होते, आणि त्या दिवशी बैठक अक्का चालवत होत्या. आबा दारात आले. सत्तरीचे, शुभ्र कपडे, काठी, चेहऱ्यावर तपासणीला आलेल्या माणसाचा भाव. खोलीतले सगळे उठून उभे राहिले. अक्का पुढे आल्या, त्यांनी आबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. पहिला चहा त्यांच्या हातात दिला. आणि खोलीनं टाळ्या वाजवल्या.

आबांना सत्काराची सवय आहे. त्यांनी आधी हात जोडून टाळ्या स्वीकारल्या. मग त्यांना काहीतरी खटकलं.

"मी फक्त बघायला आलोय," ते म्हणाले.

"बघायलाच येतात सगळे, आबा," अक्का म्हणाल्या.

"मी घेत नाही."

"हो," सगळे म्हणाले. फार मायेनं म्हणाले.

"अहो, जन्मात थेंब घेतलेला नाही!"

"मी तर पहिल्या दिवशी गळ्यात माळ घालून आलो होतो," एकजण म्हणाला.

"मी बायकोला घेऊन आलो होतो, ती घेते असं सांगून," दुसरा म्हणाला.

आबांनी काठी माझ्याकडे रोखली. "मी याच्यासाठी आलोय! याच्या!"

"एकट्यानं यायला कुणालाच जमत नाही, आबा," अक्का म्हणाल्या. "बोलायचं नसेल तर नका बोलू. नुसतं बसा."

त्या क्षणी मी उठून खुलासा करू शकलो असतो. माईकवर आयुष्य घालवलेल्या माणसाला एक वाक्य काही जड नव्हतं. मी बसून राहिलो. ते माझ्या हातून मुद्दाम झालं, आणि त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही.

आबांची अहिराणी सुरू झाली. "अरे, मी नही पेत! बठ्ठास्ना समोर सांगस!" जितकं ते असं सगळ्यांसमोर सांगत होते तितक्या माना हलत होत्या. शेवटी त्यांनी मदतीसाठी खोलीभर नजर फिरवली आणि ती दाराशी जाऊन थांबली. चष्मेवाले काका उठून उभे होते. चेहरा भिंतीसारखा पांढरा.

"आबा," काका हळूच म्हणाले. "तुम्हीसुद्धा?"

आबांनी रोखलेली काठी खाली टेकवली. मग तासभर त्या खुर्चीत ते शाळेतल्या मुलासारखे बसले. अक्का बोलल्या, मी बोललो, आणि दहा आठवड्यांत प्रथमच चष्मेवाले काकाही दोन-चार वाक्यं बोलले. आबा ऐकत होते. एकदा फक्त शेजारच्याला त्यांनी सवयीनं विचारलं, "तुमी कोनता गावना?" आणि सगळी खोली एका सुरात ओरडली, "आबा, नाही!"

परतीच्या वाटेला आबा गाडी डाव्या बाजूनं चालवत होते. पारोळा मागे गेलं. मग म्हणाले, "तो चष्म्याचा. धाकट्या सुनेचा मामा आहे."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. आतून मात्र मला हर्षवायू झाला होता. दहा आठवडे मी शोधत होतो!

"घरी सांगेल का तो? मला तिथं बघितलं म्हणून?"

"नाही आबा. तिथं बघितलेलं तिथंच ठेवतात."

"आणि मी सुनेला सांगितलं, की तुझा मामा तिथं होता, तर?"

"तर ती विचारेल, तुम्ही तिथं काय करत होता."

आबांनी गिअर बदलला. पुढे कापसानं भरलेला ट्रॅक्टर होता, त्याच्यामागे बराच वेळ हळूहळू चालत राहिले. हॉर्न वाजवला नाही.

"बैठकीत कुणी काही लिहून घेत होतं का?"

"नाही."

"रजिस्टर नाही, हे नक्की?"

"नक्की."

"त्या बाईनं माझं नाव कुठं टिपलं नाही ना?"

"तिथं कुणाचंच टिपत नाहीत, आबा."

"पत्रं द्यायला लागले तर टिपावं लागेल."

"हो. सगळ्यांचंच."

आबांनी ट्रॅक्टर मागे टाकला. "बरं शे मंग," ते म्हणाले. थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघतच, त्यांनी विचारलं, "मास्तर, आज घेतली का?"

मी म्हणालो, "नाही."

सोमवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही तिघे होतो. मुदतीचा शेवटचा आठवडा होता. मुख्याध्यापकांनी माझी फाईल काढून ठेवली होती. "पत्र?" त्यांनी विचारलं.

"पत्राचं मी बघितलं," आबा म्हणाले. पुस्तकी मराठीत.

"मग फाईलला काय लावू, आबा?"

"काही लावायचं नाही. बंद करा."

मुख्याध्यापक घाबरट आणि नेटके गृहस्थ आहेत. बंद करायच्या फाईलमध्ये नको ते कागद राहू नयेत म्हणून त्यांनी ती चाळली आणि आतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. माझ्या निलंबनाचा आदेश होता तो. सोळा ऑगस्टलाच टाइप करून ठेवलेला, असं ते म्हणाले. खाली आबांची सही, शेजारी संस्थेचा गोल शिक्का, जांभळा, ठसठशीत. या सगळ्या प्रकरणात सही-शिक्क्याचं म्हणून मला एवढं एकच पत्र मिळालं. ते मी फाडलं नाही. घरी कपाटात ठेवलंय. त्यात तारखेची जागा तेवढी कोरी आहे.